निना सिमोन : बाख ते बर्मिंगहॅम

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावात, पॅसिफिक ॲव्हेन्यूवरच्या ‘मिडटाउन बार अँड ग्रिल’मध्ये एकवीस वर्षांची एक काळी मुलगी पियानो वाजवण्याच्या नोकरीवर रुजू झाली. पगार आठवड्याला ९० डॉलर. गाणं शिकणाऱ्या पोरांना साथ करून आणि शिकवण्या घेऊन जे मिळत होतं, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं. मिडटाउन ही काही प्रतिष्ठित जागा नव्हती. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकलेला, गिऱ्हाईक बहुतेक पिण्यासाठी आलेलं. ती मात्र मोठ्या सभागृहात वादनाला बसावं तशी लांब शिफॉनचा झगा घालून आली. प्यायला काय हवं विचारलं, तर दूध मागितलं. मग डोळे मिटून तिने जे वाजवायला घेतलं त्यात बाख होता, चर्चमधली भजनं होती, त्या काळातल्या लोकप्रिय चाली होत्या, आणि एकातून दुसऱ्यात ती कधी शिरते हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं.

मालकाला वाजवणं आवडलं, पण त्याने विचारलं, गात का नाहीस? ती म्हणाली, मी पियानोवादक आहे. त्यावर त्याने सरळ सांगितलं की उद्यापासून गायचं, नाहीतर नोकरी सोडायची. दुसऱ्या रात्री ती गायली. विसाव्या शतकातला एक विलक्षण आवाज असा पोटासाठी, मालकाच्या अटीवर जगासमोर आला.

त्याच नोकरीसाठी तिने नाव बदललं. खरं नाव युनिस कॅथलीन वेमन. आई मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचनं करणारी. मुलगी दारूच्या गुत्त्यात सैतानाचं संगीत वाजवते, हे तिच्या कानावर जायला नको होतं. एक मित्र लाडाने ‘निना’ म्हणायचा ते घेतलं, आणि फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरे हिच्या नावातलं ‘सिमोन’ जोडलं. आईपासून लपण्यासाठी घेतलेलं हे नाव पुढे सगळ्या जगात झालं.

निना सिमोनवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या आवाजापासून सुरुवात करतात. तो जाड, पुरुषी वाटावा असा खर्जातला आवाज विसरता येत नाही, हे खरंच. पण तिची गोष्ट आवाजाची नाही असं माझं मत आहे. ती पियानोची गोष्ट आहे. बाख वाजवण्यासाठी घडवलेल्या दोन हातांना बाख वाजवायची जागा मिळाली नाही आणि मग त्या हातांनी काय केलं, हे कळलं की तिचं गाणंही कळतं आणि तिचा संतापही.

उत्तर कॅरोलायनात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी ट्रायन नावाचं छोटं गाव आहे. २१ फेब्रुवारी १९३३ ला युनिस तिथे जन्मली, आठ भावंडांत सहावी. वडील जॉन वेमन पडेल ते काम करणारे. मंदीच्या वर्षांत त्यांचा जम बसला नाही. आई मेरी केट चर्चचं काम सांभाळून गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची. घर तीन खोल्यांचं. पण घरात वाद्य होतं आणि मुलीचा कान विलक्षण होता. तिसऱ्या वर्षी ती ऐकलेली भजनं वाजवू लागली आणि शाळेत जायच्या वयात चर्चमध्ये साथीला बसू लागली.

आई जिच्या घरी कामाला जायची, त्या गोऱ्या बाईने ही मुलगी ऐकली आणि शिकवणीची फी भरायची तयारी दाखवली. शिकवायला मिळाल्या म्युरिएल माझानोविच, एका चित्रकाराची इंग्लिश पत्नी. युनिस त्यांना ‘मिस माझी’ म्हणायची. दर शनिवारी ती रेल्वेचे रूळ ओलांडून गावाच्या गोऱ्या भागातल्या त्या घरी जायची. तिथे तिला बाख भेटला. मिस माझी कडक होत्या. बोटांची ठेवण, मनगट, एकेका स्वराचं वजन चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. युनिसने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की बाख उमगल्यावर मैफिलीची वादक व्हायचं हे तिच्या मनात पक्कं झालं. बाखच्या संगीतात एका वेळी दोन, तीन, कधी चार स्वतंत्र चाली चालतात. प्रत्येकीला स्वतःची वाट असते आणि तरी सगळ्या एकमेकींना धरून असतात. मुलीच्या डोक्यात संगीताची ही रचना जी बसली ती कायमची.

फीचे पैसे पुरेनात तेव्हा मिस माझींनी गावात ‘युनिस वेमन निधी’ उभारला. काळ्या-गोऱ्यांनी वेगळ्या दारांनी जायच्या त्या काळात दोन्ही वस्त्यांतल्या लोकांनी एका मुलीच्या पियानोसाठी पैसे घातले. ट्रायनची ही बाजू सांगायलाच हवी, कारण दुसरी बाजूही त्याच निधीतून उघडी पडली. पैसे देणाऱ्यांना प्रगती दाखवावी म्हणून अकरा-बारा वर्षांच्या युनिसचं वादन गावच्या वाचनालयात ठेवलं. आई-वडील कौतुकाने पहिल्या रांगेत बसले. एका गोऱ्या जोडप्यासाठी त्यांना तिथून उठवलं गेलं. मुलगी पियानोपाशी बसून हे पाहत होती. तिने सांगितलं की माझे आई-बाबा परत पुढे बसल्याशिवाय मी वाजवणार नाही. कुणीतरी हसलं. पण त्यांना परत पुढे आणून बसवलं गेलं आणि मग ती वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी अंगाची साल काढल्यासारखं वाटत होतं, असं तिने लिहिलं आहे. वांशिक भेद ही काय चीज आहे ते तिला पियानोच्या बाकावर बसून कळलं.

पुढचं शिक्षण ॲशव्हिलच्या ॲलन हायस्कूलमध्ये, मुलींच्या निवासी शाळेत झालं. वर्गात पहिली येऊन ती १९५० साली बाहेर पडली. निधीच्या पैशांवर न्यूयॉर्कच्या जुलियर्ड संगीतशाळेत कार्ल फ्रीडबर्ग यांच्याकडे शिकायला मिळालं. फ्रीडबर्ग स्वतः क्लारा शूमानचे शिष्य. आपल्याकडे घराणं म्हणतात तसं हे थेट एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पियानोचं घराणं होतं, आणि ट्रायनच्या घरकामवालीची मुलगी त्याच्या उंबरठ्यावर पोचली होती. आता फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळवायचा. कर्टिसमध्ये फी लागत नाही. जागा मोजक्या आणि स्पर्धा जीवघेणी. तिला प्रवेश मिळणारच अशा खात्रीने कुटुंबाने फिलाडेल्फियाला बिऱ्हाड हलवलं. १९५१ च्या एप्रिलमध्ये तिने परीक्षकांसमोर वाजवलं. तिला घेतलं नाही.

आपल्याला काळेपणामुळे नाकारलं हे तिने आयुष्यभर मानलं. कर्टिसने काळे विद्यार्थी घेतलेच नाहीत असं नाही. जॉर्ज वॉकर हे काळे पियानोवादक आणि संगीतकार १९४५ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडले होते. तिच्यापेक्षा सरस मुलं त्या वर्षी होती, असंही कर्टिसच्या बाजूने सांगितलं गेलं. बंद खोलीतल्या परीक्षकांच्या मनात काय होतं याचा निवाडा आज करता येणार नाही. पण ज्या मुलीने आई-वडिलांना पहिल्या रांगेतून उठवताना पाहिलं होतं, तिने या नकाराचा दुसरा कोणता अर्थ लावायला हवा होता? वंशभेदी समाजाचा मोठा गुन्हा हाच की तो माणसाला नकाराचं खरं कारण कधी कळू देत नाही. खरोखर कमी पडलो की रंग आड आला, हा प्रश्न जन्मभर पाठीशी राहतो. तिच्या पाठीशी तो राहिला.

तिने शिकणं सोडलं नाही. कर्टिसमध्येच शिकवणाऱ्या व्लादिमीर सोकोलॉफ यांच्याकडे तिने खासगी शिकवणी लावली. त्या शिकवणीला पैसे लागत होते, आणि त्या पैशांसाठी ती मिडटाउन बारमध्ये गेली. म्हणजे बारमधलं गाणं हे शास्त्रीय पियानोचा खर्च भागवण्याचं साधन होतं. काही वर्षं हे असंच चालेल आणि मग आपण मैफिलीच्या मंचावर जाऊ, असं तिला वाटत होतं.

पण बारमध्ये काहीतरी वेगळंच घडत होतं. गळ्याची तालीम नसलेल्या मुलीला रात्रभर गायचं म्हटल्यावर तिने गळ्याला पियानोतला एक स्वरप्रवाह मानलं. उजवा हात एक चाल धरी, डावा दुसरी, आणि गळा तिसरी. गाणं बाजारातलं असलं तरी खालची बांधणी बाखची. पिणारे लोक गप्प बसून ऐकू लागले. कुणी बडबड केली तर ती थांबायची आणि शांतता होईपर्यंत वाजवायची नाही. बारमध्ये हे कुणी करत नसे. गिऱ्हाइकांनी ते मान्य केलं, आणि तिचं वाजवणं ऐकायला कॉलेजची मुलं मुद्दाम येऊ लागली.

पेनसिल्वेनियातल्या न्यू होपमध्ये तिला गिटारवादक अल शॅकमन भेटला. पहिल्याच दिवशी तिने कोणती पट्टी, कोणतं गाणं काहीही न सांगता ‘लिटल गर्ल ब्लू’ सुरू केलं. शॅकमनने मध्ये शिरून तिच्या चालीशी समांतर दुसरी चाल उभी केली. ती पट्टी बदलत गेली, तो मागे राहिला नाही. ही सोबत पुढे अनेक दशकं टिकली. अशा साथीदारांच्या बाबतीत संगीताचे इतिहासकार फार कंजूष असतात. निनासारख्या लहरी, क्षणात वाट बदलणाऱ्या वादकाला सांभाळणं हे मोठ्या कलावंताचंच काम होतं.

पहिली तबकडी १९५७ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ‘बेथलेहेम’ कंपनीसाठी मुद्रित झाली. नाव ‘लिटल गर्ल ब्लू’. शीर्षकगीतात तिने ‘गुड किंग वेन्सेस्लास’ या नाताळगीताची चाल पियानोत खाली गुंफली आहे आणि त्यावर मूळ गाणं गायलं आहे. दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, तरी कुठे गर्दी होत नाही. याच तबकडीवरचं ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’ हे गर्शविनच्या ऑपेरातलं गाणं १९५९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या वीस गाण्यांत पोचलं. तिचं एवढ्या वर गेलेलं अमेरिकेतलं हे एकमेव गाणं. पण करारावर सही करताना तिने ३,००० डॉलरच्या बदल्यात सगळे हक्क लिहून दिले होते. तेव्हा ती रक्कम तिला मोठी वाटली असणार. ती अजून शिकवणीच्या फीचाच हिशेब करत होती.

त्यानंतर न्यूयॉर्क. १२ सप्टेंबर १९५९ ला टाउन हॉलमधल्या मैफिलीने तिचं नाव झालं. वर्तमानपत्रांनी तिला जॅझ गायिका म्हटलं आणि हा शिक्का तिला अजिबात आवडला नाही. काळ्या माणसाने वाजवलं की त्याला जॅझच म्हणायचं ही गोऱ्यांची सवय आहे, असं तिचं म्हणणं होतं. आपल्या संगीताला ती काळ्यांचं अभिजात संगीत म्हणे. मला हा हट्ट वाटत नाही, अचूक वर्णन वाटतं.

१९६१ मध्ये तिने अँड्र्यू स्ट्राउड या न्यूयॉर्क पोलिसांतल्या डिटेक्टिव्हशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, लिसा. स्ट्राउडने नोकरी सोडून तिचा कारभार हाती घेतला. न्यूयॉर्कजवळ माउंट व्हर्ननमध्ये मोठं घर झालं. तो हिशेबी आणि कष्टाळू व्यवस्थापक होता, आणि बायकोला मारहाण करणारा नवराही होता. ते तिने पुढे स्वतःच लिहिलं.

१२ एप्रिल १९६३ ला ती कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मैफिलीला बसली. मिस माझींनी ज्या मंचाचं स्वप्न दाखवलं होतं तो हाच. फक्त वाजवायला बाख नव्हता, आणि याची टोचणी तिने लपवली नाही. त्याच दिवशी, गुड फ्रायडेला, दक्षिणेत बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली होती. तिची मैत्रीण, ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाची लेखिका लोरेन हॅन्सबेरी, हिने फोन केला. मैफिलीच्या कौतुकासाठी नव्हे. किंग तुरुंगात आहेत, काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीसाठी तू काय करणार आहेस हे विचारण्यासाठी. लोरेन तिच्याशी कपडे आणि पुरुष यांच्याबद्दल बोलत नसे. त्या दोघींचं बोलणं मार्क्स, लेनिन आणि क्रांतीचं. निनाला राजकारणाची दीक्षा दिली ती या मैत्रिणीने.

त्यानंतरचे पाच महिने अमेरिकेच्या इतिहासातले फार वाईट महिने आहेत. १२ जूनला मध्यरात्रीनंतर मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स घरी परतले आणि स्वतःच्या दारात त्यांना पाठीत गोळी घातली गेली. मारेकऱ्यावर १९६४ मध्ये दोन खटले चालले. दोन्ही वेळा सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीत एकमत झालं नाही आणि तो सुटला. त्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडावं लागलं. आणि १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघी चौदा वर्षांच्या, आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर, या मुली चर्चमध्येच ठार झाल्या.

निना घरात वरच्या खोलीत होती. रेडिओवर बातमी ऐकली आणि तिच्या आत काहीतरी फुटलं. चर्चमध्ये पियानो वाजवत मोठी झालेली ती. तिने घरात सापडेल ते लोखंड-लाकूड गोळा केलं आणि गावठी बंदूक बनवायला बसली. कुणाला मारायचं ते ठरलं नव्हतं. मारायचं एवढं ठरलं होतं. स्ट्राउड वर आला, त्याने तो पसारा पाहिला आणि तिला म्हणाला की मारण्यातलं तुला काही कळत नाही, तुझ्याकडे आहे ते संगीत. ती पियानोकडे गेली. तासाभरात ‘मिसिसिपी गॉडॅम’ तयार झालं.

हे गाणं कसं बांधलंय ते पाहण्यासारखं आहे. एवढ्या मरणांवर कुणीही संथ, करुण चाल बांधली असती. निनाने चाल घेतली ती ब्रॉडवेच्या हलक्याफुलक्या संगीत नाटकाची. पियानोवर उड्या मारत चालणारी लय, पाय आपोआप ठेका धरतील अशी. आणि त्या लयीवर अलाबामा, टेनेसी, मिसिसिपी यांची नावं घेऊन उघड शिव्या. मार्च १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये मुद्रित झालेलं गाणं ऐकलं तर सुरुवातीला प्रेक्षक हसताना ऐकू येतात. बहुतेक गोरा प्रेक्षक. तीही त्यांना हसू देते. हे नाटकातलं गाणं आहे, नाटक अजून लिहायचं आहे, असं सांगते. मग हसू कमी होत जातं. गाण्याच्या मध्यावर साथीदार एक सल्ला पुन्हा पुन्हा ओरडतात, तोच सल्ला जो काळ्या माणसांना शंभर वर्षं दिला जात होता, की सबुरीने घ्या, घाई करू नका. ती त्या सल्ल्याचे तुकडे पाडत जाते आणि सभागृहात कुणी हसेनासं होतं. वर आनंदी चाल आणि खाली क्रोध, दोन्ही शेवटपर्यंत स्वतंत्र चालतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. मिस माझींच्या घरी शिकलेला बाख इथे कामाला आला. हे गाणं संतापाच्या भरात सुचलं हे खरं, पण त्यामागे लहानपणापासूनची बोटांची मेहनत होती. नुसत्या संतापातून असं काही जन्माला येत नाही.

दक्षिणेत तबकडी विकेना. कारण दिलं गेलं ते शीर्षकातल्या शिवीचं. दक्षिण कॅरोलायनातल्या एका विक्रेत्याने आलेल्या तबकड्या दोन-दोन तुकडे करून पेटीभर परत पाठवल्या. काही रेडिओ केंद्रांनी ते गाणं लावलं नाही. पण चळवळीतल्या तरुणांना ते पाठ झालं. भजनांच्या चालीवर, आपण जिंकूच अशा श्रद्धेने गायली जाणारी गाणी चळवळीकडे पुष्कळ होती. आम्ही संतापलेलो आहोत असं म्हणणारं गाणं नव्हतं.

मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा निघाला. २४ तारखेच्या रात्री मॉन्टगोमेरीच्या वेशीवर, सेंट ज्यूडच्या आवारात, चालून थकलेल्या हजारो लोकांसमोर हॅरी बेलाफॉन्टे यांनी कलावंतांना उभं केलं. मंच शवपेट्यांच्या खोक्यांवर उभारला होता, असं तिथे असलेल्यांनी सांगितलं आहे. निना त्या मंचावरून अलाबामाच्या भूमीत ‘मिसिसिपी गॉडॅम’ गायली. किंग यांच्याशी ओळख झाली तेव्हा आपण अहिंसावादी नाही हे तिने त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. या एका प्रसंगात त्या चळवळीची रुंदी दिसते. त्यात गांधींच्या मार्गाने जाणारे किंग होते आणि हत्यार उचलावं म्हणणारी निनाही होती.

१९६६ मध्ये आलेलं ‘फोर वीमेन’ हे तिचं सर्वांत धारदार लेखन मला वाटतं. चार काळ्या स्त्रिया, प्रत्येकीच्या कातडीची छटा वेगळी, प्रत्येकीचं दुःख वेगळं, एकच साधी चाल. आणि शेवटच्या बाईपाशी आवाज आणि पियानो दोन्ही फुटतात. काही केंद्रांनी यात काळ्यांचा अपमान आहे असा अर्थ लावून ते बंद केलं. गुलामगिरीने काळ्या स्त्रीच्या शरीरावर आणि आत्मसन्मानावर काय कोरून ठेवलं, हे एवढ्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कुणी मांडलेलं मला माहीत नाही. महाराष्ट्रात १९७२ मध्ये दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, काळ्यांचं साहित्य आपल्याकडे वाचलं गेलं. त्या वाचनाच्या शेजारी हे गाणं ठेवून ऐकावं अशा योग्यतेचं आहे.

माणसं मात्र एकेक करून जात होती. लोरेन हॅन्सबेरी १९६५ च्या जानेवारीत कर्करोगाने गेली, अवघ्या ३४ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात माल्कम एक्स यांची हत्या झाली. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांना मारलं. तीन दिवसांनी लाँग आयलंडवरच्या वेस्टबरी इथे निनाची मैफल ठरलेली होती. बासवादक जीन टेलर याने त्या बातमीवर गाणं लिहिलं, साथीदारांनी ते त्याच दिवशी बसवलं आणि संध्याकाळी ती गायली. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मध्ये ती गाणं थांबवून बोलते, गेलेल्यांची नावं घेते, पियानो हळू चालू राहतो. सुरांची सफाई तिथे शोधू नये. ते शोक करणाऱ्या घरातलं गाणं आहे.

लोरेनच्या आठवणीसाठी १९६९ मध्ये तिने ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ बांधलं. शब्द वेल्डन अर्व्हिनचे. काळ्या मुलांना स्वतःबद्दल बरं वाटावं एवढाच हेतू, आणि तो साधला. शाळांतून, चर्चमधून ते गायलं गेलं, अरीथा फ्रँकलिनने ते पुन्हा गायलं.

१९७० मध्ये ती अमेरिका सोडून बार्बाडोसला गेली. लग्न मोडलं, कर थकला, चळवळ विस्कटली. गायिका मिरियम मकेबाच्या सांगण्यावरून १९७४ मध्ये लायबेरियात गेली, मग स्वित्झर्लंड, नेदरलंड्स, फ्रान्स. या वर्षांबद्दल फार रंगवून लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो टाळावासा वाटतो. ती आजारी होती. द्विध्रुवीय मनोविकाराचं निदान १९८० च्या दशकात झालं आणि औषधं सुरू झाली. त्याआधीची कित्येक वर्षं, मैफिली अर्ध्यावर सोडणं, प्रेक्षकांवर ओरडणं, हे सगळं लोकांनी नखरे म्हणून खपवलं. लहानपणी मार खाल्ल्याचं मुलगी लिसानेही जाहीरपणे सांगितलं आहे. नवऱ्याचा मार खाल्लेल्या आईने मुलीला मारलं, ही गोष्ट तिच्या मोठेपणामागे दडवायचं कारण नाही.

१९८७ मध्ये शनेल कंपनीने अत्तराच्या जाहिरातीसाठी तिचं ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ वापरलं. हे १९३० सालचं चित्रपटगीत तिने पहिल्या तबकडीत गायलं होतं. ते ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेलं, युरोपभर वाजलं, आणि नवी पिढी तिला ऐकू लागली. हक्क मात्र तीस वर्षांपूर्वीच लिहून दिलेले. काळ्या कलावंतांना पहिल्या करारात लुटण्याची ती रीतच होती. तिची बुडालेली रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली, असं ती सांगत असे.

शेवटची वर्षं तिने दक्षिण फ्रान्समध्ये काढली. २१ एप्रिल २००३ ला कॅरी-ल-रुए इथे स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. मृत्यूच्या दोन दिवस आधी तिला कर्टिस इन्स्टिट्यूटची मानद पदविका जाहीर झाल्याचं कळवण्यात आलं होतं. बावन्न वर्षं लागली.

ट्रायनमधलं तीन खोल्यांचं घर पडायला आलं होतं. २०१७ मध्ये चार काळ्या अमेरिकी चित्रकार-शिल्पकारांनी मिळून ते ९५,००० डॉलरला विकत घेतलं आणि वाचवलं. गावात तिचा पुतळाही आहे, पियानो वाजवत बसलेला.

निना सिमोन आजवर ऐकली नसेल, तर एक सुचवतो. प्रसिद्ध गाण्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. पहिल्या तबकडीवरचं ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ आधी ऐका. जुनं, बाजारातलं प्रेमगीत आहे. मध्यावर ती गायचं थांबते आणि पियानोवर उजव्या हाताने एक चाल सोडते. डावा हात ती उचलतो, आणि पुढचा मिनिटभर बाख वाजतो, कुणी न मागितलेला, बारमधल्या गाण्याच्या पोटात. मग ‘मिसिसिपी गॉडॅम’चं १९६४ चं ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही वेळा आवाजाआधी तिचा डावा हात ऐका.